कुत्रं शिवलं का?

शालनकाकूंच्या फाटकातून आत जायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "येताना कुत्रं शिवलं का?" मग तो पोस्टमन असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाहीतर पत्रिका घेऊन आलेला व्याही असो. माणूस नाही म्हणाला तरी काकू त्याला गुडघ्यापासून खाली नीट न्याहाळायच्या आणि मगच कडी काढायच्या. फाटकाच्या आत फिनेलच्या पाण्याची बादली कायम भरलेली असे. पाहुणा पुढे आणि काकू मागून त्याच्या पावलांवर पाणी मारत, अशी ती वरात दारापर्यंत जायची. एवढं झालं की त्याच पाहुण्याला त्या आग्रह करकरून दोन भाकऱ्या जास्त वाढायच्या.

हा प्रश्न पहिल्यांदा मला विचारला गेला तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मी बारामतीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आईला घेऊन या कॉलनीत राहायला आले त्याच संध्याकाळी शेजारच्या बाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "सामानाला कुत्रं शिवलं न्हाय ना?" आम्ही बौद्ध. शिवणं हे क्रियापद आमच्या घरात कपड्यांपुरतंच उरलं आहे. त्याचा दुसरा अर्थ माझ्या आजी-आजोबांनी इतका सोसला, की तो शब्द घरात कुणी तोंडातून काढत नाही. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी सुरू. पण आईने त्या बाईंकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "न्हाय शिवलं. या की आत." काकू आत आल्या, आमच्या तांब्याने पाणी प्यायल्या आणि खोक्यांच्या ढिगात बसून आईच्याच ताटात जेवल्या.

त्या दिवसापासून त्या आईला आक्का म्हणायला लागल्या आणि आई त्यांना नुसतं शालन. बाजाराला दोघी बरोबर जायच्या. बुद्धपौर्णिमेची खीर काकू पातेल्यातून स्वतःच्या हाताने वाढून घ्यायच्या आणि "आक्का, साखर कमी पडली," असं तोंडावर सांगायच्या. काकूंचे मालक, तात्या, माळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या भावाची बायको, म्हणजे काकूंची थोरली जाऊ, अधूनमधून गावाकडून यायची. तिने एकदा आमच्या कुंपणाकडे बघत, मला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "शालन, तू त्यांच्यात जेवतीस?" काकू म्हणाल्या, "जेवते की. त्यांच्यात कुत्रं न्हाय."

माणसं पारखायची एवढी सरळ पद्धत मी दुसरी पाहिली नाही. मला त्या क्षणी काकू फार आवडल्या होत्या.

काकूंना कुत्र्याची भीती नव्हती, हे आधी सांगायला हवं. कुत्रं भुंकत अंगावर आलं तर त्या दगड उचलून उभ्या राहायच्या. त्यांना भीती होती ती कुत्रं येऊन गेल्यावर मागे जे राहतं त्याची. वाळत घातलेल्या धोतराला घासून गेलेली शेपटी, ओट्यावरचं ओलं पाऊल, कुणाच्या तरी चपलेला लागलेली लाळ. मी रसायनशास्त्राची म्हणून मला सगळं ठाऊक असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मॅडम, कुत्र्यानं जीभ लावलेल्या पाण्यावर माशी बसली, आन् तीच माशी माझ्या भाकरीवर बसली, तर वो?" मी सांगायची, काकू, असं होत नाही. रेबीजचं विष लाळेतून येतं, तेही जखमेत किंवा डोळ्यातोंडात गेलं तर. धड कातडीतून आत जात नाही, वाळलं की मरतं. काकू मान डोलवायच्या, "व्हय, व्हय," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "पर ती माशी आधी जखमेवर बसली आसली तर?"

ऊसतोडीच्या हंगामात तर त्यांचे फार हाल व्हायचे. टोळ्यांच्या बैलगाड्यांमागून कुत्री यायची आणि रस्त्याने सांडलेल्या उसाची कांडकी चघळत हिंडायची. काकू तेव्हा घराबाहेर पडत नसत. एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांजवळ कावळा उतरला आणि तो मेलेल्या कुत्र्यावरून उठून आला असेल म्हणून त्यांनी चादरीसकट सगळ्या कुरडया जाळल्या. तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "लोकं कावळा शिवावा म्हणून घाटावर ताटकळत्यात, आन् ही बया शिवला म्हणून रडतीया." कॉलनीभर हसू झालं. काकूही हसल्या, पण पदर तोंडाला लावून.

दवाखान्यात जाऊन त्यांनी इंजेक्शनांचा सगळा कोर्सही करून घेतला होता. त्या वेळी मीच बरोबर होते. डॉक्टर जखम शोधून थकले. "कुठं चावलंय, मावशी?" "चावलं न्हाय. शिवलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं ते काकूंनी एकदाच सांगितलं, कुंपणाशी लसूण सोलताना. त्यांचं माहेर निरवांगीचं. धाकटा भाऊ बाळू, शाळेत जाणारा. एके दिवशी त्याला पाणी गिळवेना, मग पाणी दिसलं तरी तो किंचाळायला लागला आणि त्यातच गेला. "पर त्याला कुत्रं चावलंच न्हवतं, मॅडम. आयनं उघडा करून समदं आंग बघितलं. साधा ओरखडा न्हाय." मग गावाने आपापली अक्कल चालवली. कुणी म्हणालं, हौदाचं पाणी प्यायला असेल; कुणी म्हणालं, गोधडीवर कुत्रं लोळलं असेल; कुणी म्हणालं, शेजारच्या म्हशीचं दूध. काकूंच्या आईने गोधडी जाळली, त्याची जेवायची पितळी फेकली, म्हशीच्या मालकाशी भांडण काढलं. कशातून आलं ते शेवटपर्यंत कळलंच नाही. "चावून मेला आसता तर चावणाऱ्या कुत्र्याला भ्याले आसते," काकू म्हणाल्या. "आता कशाकशाला भिऊ, सांगा तुमी."

मी म्हटलं, काकू, एखादं पिल्लू चावलं असेल. पिल्लाचा दात दिसतही नाही. मार बसेल म्हणून पोराने सांगितलं नसेल. काकूंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "बाळू माझ्यापासनं काय लपवत न्हवता," त्या म्हणाल्या, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मग आमच्याकडे भुऱ्या आला. मी दिवसभर कॉलेजात, आई घरात एकटी. मार्केट यार्डाजवळ गाडीखाली सापडता सापडता वाचलेलं पिल्लू तिने पिशवीतून घरी आणलं. मी त्याला सगळ्या लसी दिल्या आणि काकूंना जाऊन तसं सांगितलं. काकू फाटकाच्या आत, मी बाहेर. त्यांनी पिल्लाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आक्काला करमत न्हाय, मला दिसतंय की. पर आता मी आत यायची न्हाय." आणि खरंच आल्या नाहीत.

पण आई त्यांच्याकडे जायची. जाण्याआधी हातपाय साबणाने धुवायची, साडी बदलायची, भुऱ्याला कोंडून ठेवायची. मला ते बघवत नसे. मी एकदा चिडून म्हणाले, त्यांच्या दारात जायला तू अंघोळी कशाला करतेस? आई म्हणाली, "तिला भ्या वाटतंय म्हणून करते. दुसऱ्या कशासाठी कुणी सांगितलं आसतं, तर फाटक उपटून टाकलं आसतं मी." हे आईचं म्हणणं मला पटलं.

त्याच सुमाराला काकूंच्या मुलाचं लग्न झालं. सून, प्रियांका, शिकलेली, एमआयडीसीत नोकरीला, बोलायला मोकळी. तिने सुरुवातीला सासूचं धुणंपुसणं हसण्यावारी नेलं. पण रोज कामावरून आल्यावर फाटकातच चप्पल, पर्स, टिफिन सगळ्यावर फिनेलचं पाणी पडायला लागलं तेव्हा तिचा संयम सुटला. दिवस गेल्यावर तिने स्पष्टच सांगितलं: हे वेड थांबलं नाही तर मी बाळंतपणाला माहेरी जाईन आणि परत येणार नाही, असल्या हातात मी माझं बाळ देणार नाही. मुलगाही म्हणाला, आई, तुला डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. मी पण तेच सुचवलं होतं, जरा गोड शब्दांत. काकू पांढऱ्याफटक पडल्या. "येड्याच्या डॉक्टरची पायरी चढले तर मग झालंच की, मॅडम. कोण देईल माझ्या मांडीवर लेकरू?" त्यांनी सुनेला वचन दिलं, की आता कुत्र्याचं नाव काढणार नाही. बादली फाटकातून हलली. त्या चोरून धुवायला लागल्या, हे फक्त मला आणि आईला माहीत होतं.

प्रियांकाचं डोहाळजेवण घरीच झालं. काकू स्वतः कुंपणाशी येऊन आईला म्हणाल्या, "आक्का, तुमी पयल्या पायजेत." आई नवी साडी नेसून, ओटीचं सामान घेऊन निघाली. मीही मागोमाग होते. आम्ही काकूंच्या फाटकात पोचलो आणि भुऱ्या कसा कोण जाणे सुटून धावत आला, आईच्या पायांत घुटमळला, तिचा हात चाटला. आईने त्याला हाकललं, तिथल्या नळावर हात धुतला. काकू पायरीवरून बघत होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पण सूनही बघत होती, म्हणून काकू हसल्या आणि म्हणाल्या, "या आक्का, बसा."

आई खुर्चीवर बसली, ओटी भरली, चार घास खाल्ले. निघालो आणि दहा पावलांवर आईला आठवलं, चष्मा आतच राहिला. आम्ही परत फिरलो. व्हरांड्यात बायका बसलेल्या होत्या आणि सगळ्यांच्या देखत काकू ती खुर्ची धूत होत्या. आईने खाल्लेलं ताट वेगळं, बाहेर, तुळशीकट्ट्यापाशी ठेवलेलं होतं. खुर्चीवरून पाण्याचा ओघळ थेट आमच्या पायांपर्यंत आला होता.

प्रियांका आतून आली. "मम्मी, हे काय? पुन्हा?" तिचा आवाज चढला होता.  तेवढ्यात थोरली जाऊ मान डोलवत म्हणाली, "बरं केलंस, शालन. आमच्या सासूबाई पन त्यांच्यातलं कुनी बसून गेलं की आशीच धुवायच्या. आजकाल कोन बघतंय रीतभात." प्रियांका थांबली. तिने सासूकडे पाहिलं. "म्हणजे कुत्र्याचं नाही ना?"

आणि शालनकाकू म्हणाल्या, "न्हाय गं. कुत्र्याचं काय न्हाय. रीत हाय आपली."

आई फाटकात उभी होती. काकूंनी वर पाहिलं तेव्हा त्यांना ती दिसली.  मी आत गेले, चष्मा उचलला आणि बाहेर आले. आई घरी आल्यावर पाय पसरून जमिनीवर बसली आणि बराच वेळ भुऱ्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी म्हणाले, अगं, तुला माहितीय, ते कुत्र्यामुळेच होतं. आई म्हणाली, "म्हाईत हाय म्हणूनच लागलं. त्यांच्या सासूनं धुतली आसती तर मी ढुंकून बघितलं नसतं. हिला खरं ठाव व्हतं, आन् हिनं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. आई बाहेर गेलीच नाही. काकूंनी माझ्यापुढे हात जोडले, येणाऱ्या नातवंडाच्या, देवाच्या, बाळूच्या शपथा घेतल्या. मी म्हणाले, शपथा मला नकोत. काल ज्या बायका होत्या त्यांना बोलावून एवढंच सांगा, की खुर्ची कुत्र्यामुळे धुतली. काकू म्हणाल्या, "सांगितलं तर सून जाईल, मॅडम. लेकरू जाईल. मला येडी म्हणतील." मी विचारलं, आणि आईला काय म्हणतील, ते? काकू गोंधळल्या. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "ते काय, लोकं म्हणतातच की वो. त्याचं काय येवढं?"

त्याचं काय येवढं! हे वाक्य मला आजही जेवताना आठवलं तर घास उतरत नाही. त्या बाईच्या मनात आमच्याबद्दल तिळभर विटाळ नव्हता, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. पण स्वतःची अब्रू झाकायला काहीतरी हवं होतं तेव्हा हाताशी सगळ्यात स्वस्त आमची अब्रू सापडली. वेडी ठरण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं, आणि सगळ्या कॉलनीलाही तसंच वाटलं. काकूंचा राग मी अर्धाच करू शकले. उरलेला कुणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही.

त्यानंतर काकूंना वाट सापडली. त्यांनी देव्हारा मोठा केला, सोवळं सुरू केलं. पूजेच्या आधी अंघोळ, नंतर अंघोळ, ओलेत्याने स्वयंपाक, बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी. तीच बादली, फक्त फिनेलच्या जागी तुळशीचं पान. ऊस लावणाऱ्या घरात इतकं सोवळं कुणी पाहिलं नव्हतं. बायका कौतुक करायला लागल्या, "शालनकाकूंचं फार कडक हो." सुनेनेही हुश्श केलं, वेडी सासू गेली आणि देवभोळी आली होती. नात झाली, काकूंच्या मांडीवर वाढली. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या नावाने त्या घरात रोज एक उपास किंवा एक अंघोळ होत होती, आणि लोक पाया पडत होते.

आमचं बोलणं बंद होतं, पण फोन चालू होता. दुपारी, घरात कुणी नसलं की काकू मला फोन करायच्या. "मॅडम, पोरीचा चेंडू गटारीच्या कडंला गेलता. तितं कुत्रं बसलं व्हतं." मी रागाने दात आवळून तेच सांगायची: वाळलं की मरतं, धड कातडीला काही होत नाही, साबणाने धुवा आणि गप्प बसा. शेवटी दरवेळी विचारायची, "सुनेला सांगितलं का खरं?" पलीकडून काकू विषय बदलायच्या. मग, "आक्का बरी हाय का?" मी फोन ठेवून द्यायची. तो नंबर मी कधी बंद केला नाही, कारण ही भीती सांगायला जगात त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी त्या स्वतःच धुतलेल्या फरशीवरून घसरून पडल्या. डोक्याला मार लागला. दवाखान्यात थोडे दिवस काढले आणि गेल्या. आई त्या दिवशी जेवली नाही, पण भेटायलाही गेली नाही. "तू जाऊन ये," म्हणाली.

मी गेले तेव्हा समोरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. मला पाहून प्रियांका लगबगीने उठली, डोळे पुसले आणि व्हरांड्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. "मॅडम, इथं बसता का? राग मानू नका. मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहितीय. पण मम्मींना आत चालायचं नाही. त्यांच्या माघारी लगेच मोडायला जीव होत नाही." ती मनापासून बोलत होती. तिच्या कडेवरची नात माझ्याकडे बघून हसत होती.

मी म्हणाले, "प्रियांका, त्यांना आमचं काहीच वावडं नव्हतं. आईच्या ताटात जेवल्यात त्या. त्यांना भीती कुत्र्याची होती. शेवटपर्यंत होती. हे सोवळं सगळं त्याच्यासाठी होतं."

 प्रियांका हळूच म्हणाली, "नाही हो मॅडम. ते कधीच गेलं होतं त्यांचं. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं मला." थोरली जाऊ सतरंजीवरून माझ्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती.

"जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "गेलेल्या बाईला येडी कशाला ठरवताय? चांगली रीतीभातीची व्हती."

बायकांनी माना डोलावल्या. मी खुर्चीवर न बसताच परत आले. आईने विचारलं, "आत बसवलं का?" मी हो म्हणाले.